कापड सैल पडलंय

ताईचे यजमान कथा लिहितात. म्हणजे लोक बोलतात आणि हे उतरवून घेतात. माझ्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एकच स्टूल आहे, लोखंडी, बोल्ट मारून फरशीत पक्कं केलेलं. रोज अकराला येऊन हे त्यावर ठाण मांडतात. मांडीवर वही, कान टवकारलेले.

"पात्राचं वर्णन करत बसायचं नसतं," ते मला शिकवतात. "त्याला बोलू द्यायचं. एका वाक्यात माणूसही दिसला पाहिजे आणि जागाही."

मी तोंडात टाचण्या धरून मान हलवते. ताईचा संसार आहे, म्हणून टाचण्या. घरी हा गृहस्थ तिच्याशी "हं" आणि "मीठ" यापलीकडे बोलत नाही, अन् इथं संवादावर व्याख्यानं झोडतो.

वाचनालयातल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. वर्षभर त्यांचं दुखणं चाललंय. कसलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यांचा राखाडी कोट दर महिन्याला आत घ्यायला येतो. पहिल्यांदा कमरेभोवती टेप फिरवली तेव्हा आकडा भलताच खाली आलेला. म्हटलं, "कापड सैल पडलंय हो. वापरून वापरून पडतंच."

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

तेव्हापासून दर महिन्याला हेच. मी कापडाला नावं ठेवायची, त्यांनी री ओढायची. तेवढी पाच मिनिटं बाई आजारी नसायच्या.

गेल्या महिन्यात भावोजींची कथा मासिकात छापून आली. कोट, खडू, टेप, सगळं जसंच्या तसं. माझं वाक्यही. आणि खाली यांची स्वतःची भर: 'ती जगणार नाही, हे शिंपिणीला ठाऊक होतं आणि तिलाही.' म्हणे पात्राला बोलू द्यायचं! आपली अक्कल पाजळल्याशिवाय या माणसाला घास उतरत नाही.

"हे मासिक वाचनालयात जातं," मी म्हणाले. "बाईंनी वाचलं तर?"

"अगं, आनंदच होईल त्यांना. साहित्यात आल्या!"

काल बाई आल्या. कोट अंगावर लोंबत होता. भावोजींनी वही उघडली. मी टेप फिरवली, आकडा पाहिला, आणि टेप गुंडाळू लागले. नेहमीचं वाक्य आता छापून झालेलं, ते बोलायचं कुठल्या तोंडानं?

बाई वाट पाहत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "किती?"

"दोन इंच."

"कापड नाही ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही," मी म्हणाले.

त्यांचे पाय लटपटले. त्यांनी टेबलाची कड धरली आणि बसायला जागा शोधू लागल्या. स्टुलावर भावोजी, मान खाली घालून भराभर लिहीत.

"बाई, शेवटचं पुन्हा म्हणाल का?" ते म्हणाले. "'कापड'च्या पुढचं निसटलं."

"भावोजी, उठा," मी म्हणाले. "स्टूल गिऱ्हाइकांचं आहे. हेही लिहा. माणूसही दिसतो यात आणि जागाही."

ते तोंड पाडून, वही काखेत मारून चालते झाले. बाई बसल्या. त्यांचे गुडघे अजून थरथरत होते. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"स्टूल डुगडुगतंय का हो?"

"डुगडुगतंय," मी म्हणाले. "बसून बसून खिळखिळं केलंय मेल्यानं."