गाळलेली ओळ

चाळीत गुपित राखायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं! हे अनुजाला कळत नव्हतं थोडंच? लग्न होऊन लालबागच्या त्या एका खोलीत आल्यापासून ती हेच बघत होती. तरी बाई फसली.

खोलीत नवरा जयवंत, सासू रमाबाई आणि दोन पोरं. कपाटाला कुलूप घातलं तर "काय लपवलंस गो आत?" असं विचारणारं घर. म्हणून अनुजा मोबाइलवर डायरी लिहायची, एका वेबसाइटवर, पासवर्ड घालून. मनातलं सगळं तिथे ओकायची. वाचायची परवानगी एकाच माणसाला, शेजारच्या दर्शनाला. पोरांची शपथ घेतली होती दर्शनाने.

आणि त्या भवानीने काय करावं? चाळीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पान टाकलं! "तुझं नाव काढून टाकलंय गं. कसलं भारी लिहितेस, एकटीनेच वाचू का मी?" बायकांना चटकच लागली. ही सून कोण, यावर नळावर पैजा लागल्या. अनुजाने दर्शनाची परवानगी काढून घेतली, पण बयेने आधीच सगळं उतरवून ठेवलेलं, रोज त्यातलं एक पान टाकत राहिली. भांडावं, तर ती नाव फोडेल. 

त्यात रमाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा आणि मोबाइल बंद. मग दुपारी जेवणं झाली की हाक यायची, "अनुजा, त्या सुनेचं आजचं आलं काय? वाच बघू." सासूबद्दल लिहिलेलं सासूलाच वाचून दाखवायचं, काय ही शिक्षा! रमाबाई खूश व्हायच्या. "हिची सासू मेली वस्ताद दिसते!" म्हणायच्या. अनुजा घाईघाईने पुढचं वाचायची.

एके दिवशी नेमकं ते पान आलं. कालवणावरून खटका उडाला होता, त्या दिवशीचं. 'चाळ पाडून नव्या टॉवरात घर मिळालं की म्हातारीला वडाळ्याला धाकट्या दिरांकडे धाडणार. मला एकदा तरी पाय पसरून झोपायचंय.' रागात लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच विसरली होती. आता ती ओळ तिने गाळली आणि पुढचं पापलेटाचं घडाघडा वाचून टाकलं.

"संपलं?" रमाबाईंनी विचारलं.

"हो आई."

"सकाळी कमळाबाईने नळावर सगळ्या बायकांना वाचून दाखवलं, तेव्हा मध्ये वडाळ्याचं काहीतरी होतं."

"निसटलं असेल हो."

"दुसऱ्या कोणाचं असतं तर चवीने वाचलं असतंस. गाळलंस, म्हणून कळलं मला."

 अनुजाला रडूच फुटलं. "आई, रागात लिहिलं हो. खरंच सांगते, तुम्ही कुठे जायचं नाही."

"जाते कशाला? माझ्या घोवाने, जयवंताच्या बापाने, गिरणीत राबून घेतलेली खोली आहे ही." रमाबाईंनी काळा चष्मा नीट केला. "मनात आलं त्याचं काही नाही. मीपण माझ्या सासूला मनातल्या मनात दहादा गावी धाडलं. पण ते माझ्याजवळच राहिलं. तू जगाला सांगितलंस."

"मी फक्त दर्शनाला..."

"तेच तर! शेजारणीवर विश्वास ठेवलास. मी इथे हातभर अंतरावर झोपते."

 रमाबाईंनी स्टूल दारात, तिच्यासमोर ओढलं. काळ्या चष्म्याआड डोळे उघडे आहेत की मिटलेले, काही कळत नव्हतं.

"उघड ती डायरी. लिही. 'माझी सासू कुठेही जाणार नाही.'"

अनुजाने लिहिलं.

"वाच."

तिने वाचलं.

"आता रोज असंच. तू लिहायचंस, मी ऐकायचं. एक शब्द गाळायचा नाही. आणि आजचं ग्रुपवर टाक, कमळाबाईला कळू दे."

अनुजाने अंगठा पुढे नेला.

"थांब," रमाबाई म्हणाल्या. "खाली नाव घाल. तुझं."

पळायला एवढीशी खोली, आणि दारात सासूचं स्टूल. अनुजाने नाव घातलं. थोड्याच वेळात बाहेर गॅलरीत एकेक मोबाइल वाजू लागला.