पाहुणी

सहा महिन्यांचे दिवस एकशे ऐंशी. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, पुढे व्हरांडा, तिथून समुद्र चारशे पावलं. सिस्टरबाईंनी येण्याआधीच मनात मांडून ठेवलं होतं की यातला निम्मा नवरा जरी आपल्या वाट्याला आला, तरी लग्नाची तेहतीस वर्षं वसूल झाली.

लोभ वाटेल कुणाला, पण नव्हता. त्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या आणि रात्रपाळी त्यांच्या पाचवीलाच पुजली होती. नवरा रेल्वेच्या तिकीट खिडकीवर, दिवसपाळीला. बाई घरी यायच्या तेव्हा तो बुटाच्या नाड्या बांधत असायचा. संसार झाला, मुलगी वाढली, तिचं लग्नही लागलं, पण बोलणं व्हायचं ते उंबरठ्यावर: दूध तापवलंय, गॅसवाला येईल, छत्री घ्या. दिवसभर खिडकीतून हजार माणसांशी बोलून आलेला माणूस संध्याकाळी गप्प बसे, आणि त्याच वेळी बाईंची ड्युटीवर निघायची घाई.

तेव्हा दोघंही निवृत्त झाल्यावर बाईंनी गुडघ्याचं निमित्त पुढे केलं. डॉक्टर म्हणाले होते, वाळूत चाला. ते दहा मिनिटं म्हणाले होते, सहा महिने नव्हे. पण तेवढी फुगवाफुगवी बाईंनी स्वतःला माफ केली.

पहिले एकोणतीस दिवस सोन्यासारखे गेले. सकाळी उन्हाआधी दोघं पाण्याच्या कडेने चालायची. दुपारी दमट उकाड्यात पंख्याखाली चटईवर लोळायची. नवरा अधूनमधून काहीतरी सांगायचा, बाई ऐकायच्या. पुढे पुढे दोघंही गप्प बसू लागली, आणि बाईंना ती शांतता इतकी आवडली की त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही.

तिसाव्या दिवशी तिकीटमास्तरांनी (बाईंच्या नवऱ्याला सगळे मित्र असंच म्हणत) फोन फिरवायला सुरुवात केली. "अरे, या की! समुद्र नुसता पडलाय इथे, बघायला कुणी नाही."

लोक आले. आधी पार्सल ऑफिसातला मित्र, सहकुटुंब. मग शाळासोबती, त्याच्या मागे त्याचा मेहुणा. मेहुण्याने जाऊन आणखी चौघांना सांगितलं. फुकटचा समुद्र कुणाला नको असतो? येताना प्रत्येक जण बिस्किटांचा एक पुडा आणायचा आणि पहिल्याच चहाला तो स्वतःच संपवायचा. "वहिनी, तुम्ही किती नशीबवान! रोज इथे!" असं प्रत्येकीने म्हटलं. वहिनी तेव्हा मासे साफ करत असायच्या.

मास्तर मात्र खुलले. सकाळी पाहुण्यांना घेऊन निघायचे ते ठरलेल्या रस्त्याने: मासळीचा लिलाव, मग आडवं वाकलेलं नारळाचं झाड, मग दीपगृह आणि शेवटी धक्क्याचं टोक. झाडापाशी एक विनोद ठरलेला होता. जेवताना पाहुणे तो हटकून सांगायचे, त्यामुळे बाईंना तो पाठ झाला होता. झाड मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. बारा माणसांचा भात शिजत असताना झाडं बघायला कोण जाणार?

वॉर्डात तक्ता भरायची सवय जात नाही म्हणतात. पाहुणे असतील त्या दिवशी बाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर निळा ठिपका द्यायच्या. असे ठिपके झाले सत्त्याण्णव. मधले बेचाळीस दिवस चादरी धुण्यात, बाजारात आणि पाठीला शेक देण्यात गेले. उरले बारा.

त्या सकाळी शेवटची मंडळी रिक्षात बसून गेली. बाई चादरी गोळा करत होत्या, तेवढ्यात व्हरांड्यातून मास्तरांचा आवाज आला, "साहेब, तुम्ही? वा वा! किती जण? सहा? हो, म्हणजे... बघतो, तासाभरात कळवतो."

तेहतीस वर्षांत मास्तरांनी "बघतो, कळवतो" म्हटलं आणि शेवटी "नाही" आलं, असं कधी घडलं नव्हतं.

बाई भांडल्या नाहीत. भांडून मिळालेला नवरा तोंड पाडून बसतो, त्याचा उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चादरी तशाच टाकल्या. जुनी ड्युटीची पिशवी काढली, तिच्यात दोन साड्या आणि कंगवा कोंबला. मागच्या दाराने बाहेर पडल्या, घराला वळसा घातला आणि पुढची बेल वाजवली.

मास्तरांनी दार उघडलं. "अगं, तू? बाहेर कशी? आणि ही पिशवी?"

"पाहुणी आहे," बाई म्हणाल्या. "बारा दिवस राहीन म्हणते. जमेल ना?"

"डोकं फिरलं का तुझं?"

"पाहुण्यांशी असं बोलतात होय इथे? मी तर ऐकलं होतं, यजमान फार अगत्याचे आहेत." आणि त्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसल्या. सहा महिन्यांत त्या खुर्चीत बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. खुर्ची छान होती.

मास्तर क्षणभर घुटमळले आणि आत गेले. भांडी आपटल्याचे आवाज आले.

"साखरेचा डबा कुठला गं?"

"मला काय माहीत? मी आत्ताच आलेय."

चहा आला. त्यात साखर नव्हती, आलं मात्र मूठभर होतं. बाई म्हणाल्या, "वा, अगदी घरच्यासारखा," आणि मास्तरांना हसू आवरेना.

मग रीतीप्रमाणे फिरवणं आलं. लिलाव संपून गेला होता, म्हणून झाडापासून सुरुवात झाली. मास्तरांनी घसा खाकरला. "हे झाड माझ्याच खात्यातलं. खिडकीतून वाकून बघता बघता कंबर अशी झाली." बाई खळखळून हसल्या. विनोद जुनाच होता, पण झाड खरोखरच मास्तरांसारखं वाकलं होतं, आणि हे इतक्या जणांतून एकानेही घरी येऊन सांगितलं नव्हतं.

दीपगृहाची उंची सांगून झाली, पायऱ्या सांगून झाल्या. धक्क्याच्या टोकाला आल्यावर मास्तर थांबले. इथून पाहुणे माघारी फिरत. पुढचं बोलणं त्यांनी कधी तयारच केलं नव्हतं. दोघं पाण्याकडे तोंड करून बसली.

मास्तर म्हणाले, "तुला त्रास झाला का गं एवढ्यांचा?"

"तुम्हाला हवे होते ना."

"मला?" मास्तर वळले. "अगं, महिनाभरात माझ्याकडचं बोलणं संपलं. तू गप्प गप्प बसायला लागलीस. मला वाटलं, कंटाळलीस. तेहतीस वर्षं कधी जवळ बसला नाही आणि आता बसलाय तर तोंडात शब्द नाही, असं म्हणत असशील मनात. म्हटलं, माणसं आणू, तुझं मन रमेल."

तापाचा आकडा तक्त्यावर भलत्याच खाटेच्या नावापुढे लिहिला गेला की वॉर्डात जशी धडधड व्हायची, तशी बाईंच्या छातीत झाली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी गप्प होते, कारण बरं वाटत होतं. ऐकून नव्हे, तुमच्याजवळ नुसतं बसूनच."

मास्तरांनी हातातला खडा पाण्यात टाकला. "मग आधी बोलायचं नाही का?"

"आणि तुम्ही विचारायचं नाही का?"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. तास उलटून गेला होता. बाई समुद्राकडे बघत राहिल्या. आता त्या मदत करणार नव्हत्या. पाहुण्याने यजमानाच्या कारभारात पडू नये.

"हो साहेब... नाही, म्हणजे... नाही जमणार." हा शब्द उच्चारताना मास्तरांच्या कपाळावर घाम आला. "घरात पाहुणे आहेत. नाही, स्टेशनातले नव्हेत. हिच्याकडचे आहेत. ... हो ना, शेवटपर्यंत राहतायत."

साहेबांच्या पदरी त्या वर्षी समुद्र पडला नाही. बारा दिवसांतले आठ दिवस भात करपला, तो यजमानाने केलेला होता आणि पाहुणीने निमूट खाल्ला. कॅलेंडरवर त्या बाराही चौकटींत बाईंनी ठिपका दिला, पण लाल शाईचा. राहिले आधीचे सत्त्याण्णव निळे. ते ना साहेबांनी भरले, ना मेहुण्याने. ते तिने भरले चुलीपाशी उभं राहून आणि त्याने भरले उन्हात तोच विनोद पुन्हा पुन्हा सांगून. दोघांनीही एकमेकांच्या नावावर, समोरच्याला हवं असेल असं धरून, न विचारता.