मल्हारचा बुधवार

"येऊ की," माणिकराव म्हणाले, आणि हे घर काही येत नाही हे लिंबाजीला कळून चुकलं.

पेडगावात ज्याला खरोखर यायचं असतं तो आधी कटकट करतो. ऊन लय असतंय, बसायला काय हाय का, मागच्या टायमाला धूळ खाऊन आलाव, अशा पन्नास तक्रारी करतो आणि वेळेआधी अर्धा तास येऊन पुढची जागा धरतो. 'येऊ की' हे दार लोटून घेण्याचं सभ्य नाव. माणिकरावांनी चहा पाजला, सुपारी दिली आणि तुरीचं खळं अजून उरकायचंय म्हणून सांगितलं. खळं चार दिवसांपूर्वीच उरकलंय हे लिंबाजीला ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे माणिकरावांना ठाऊक होतं. दोघांनी मिळून ते खळं पुन्हा एकदा वाऱ्यावर उफणलं आणि लिंबाजी उठला. सकाळपासूनचं हे तेविसावं घर.

रविवार होता. चार वाजता गायरानावर पेडगाव फुटबॉल क्लबचा हंगामातला शेवटचा सामना. लिंबाजी हा विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी, नवी तार गुंडाळून, भरायच्या दुकानाचा पूर्ण मालक आणि या क्लबचा अर्धा. उरलेला अर्धा दोन वर्षांपूर्वी बियाण्यांच्या एका कंपनीनं घेतला होता, आणि आज कंपनीचे साहेब स्वतः यायचे होते. मैदान भरलेलं दिसलं तर टीम पेडगावात राहणार, नाहीतर संभाजीनगरला जाणार. कंपनीचा मॅनेजर योगीराज हा पंचविशीतला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा पोरगा. त्यानं हे सांगताना लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला होता. "काका, फॅन बेस दिसला पाहिजे. बाकी काही नको."

फॅन बेस. ज्या गावानं एकेकाळी सामन्यासाठी लग्नाचा मुहूर्त पुढं ढकलला होता, त्या गावात आज लिंबाजी दारोदार फिरत होता.

लिंबाजी सतराव्या वर्षी हैदराबादला जळालेल्या मोटारी भरायचं काम शिकायला गेला. तीन वर्षांनी परतला तो हातात हुन्नर, तोंडात थोडी दखनी आणि काखेत एक फुटबॉल घेऊन. बाकीचा माल त्यानं गावातच तयार केला. हैदराबादेत म्हणे एका पठ्ठ्यानं अशी किक मारली की बॉल चारमिनारवरून गेला आणि पलीकडच्या बिर्याणीच्या डेगीत पडला. डेगवाल्यानं बॉल परत दिला नाही, शिजवून विकला, आणि खाणाऱ्यांनी आणखी मागितला. दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस मोटार विसरून ऐकत बसायचा. तिकडं पिकं सुकायची, इकडं डेग उकळायची.

चाळीस वर्षं थापा मारून झाल्यावर माणसाला एखादी तरी खरी करून दाखवावीशी वाटते. साठीला टेकलेल्या लिंबाजीनं टीम काढली. गावातली चार पोरं मिळाली, दहा बाहेरची. कुणी पिंगळीचा हमाल, कुणी वीटभट्टीवरचा. जिंतूरकडच्या येडबा मेंढपाळाचा पोरगा मल्हार त्यातच. मेंढरांमागं पळून त्याचे पाय असे झाले होते की तो धावला की सावली मागं पडायची, आणि तो थांबला की धापा टाकत येऊन पायाशी बसायची. लिंबाजी हे छातीवर हात ठेवून सांगायचा.

पोरं दुकानामागच्या गोदामात झोपायला लागली. जेवणाचं काय, हा प्रश्न लिंबाजीनं बायकोसमोर ठेवला तेव्हा सुमनबाई म्हणाली, "मी एकटी धा लांडग्यांची पोटं भरू व्हय? पयले गरिबाची पोरं वार लावून शिकली की. एक दिवस एका घरी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. ही वार लावून खेळतील."

दहा पोरं, सात वार, सत्तर ताटं. सुमनबाईनं आठ दिवसांत सत्तर घरं लावली. बोलली फार थोडं. दारात जायची, पोराला पुढं करायची आणि म्हणायची, "संध्याकाळचं एक ताट. मंगळवार देताव का गुरुवार?" काही देणार नाही असं म्हणायला त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

फॅन बेस तिथं तयार झाला. ज्या घराची भाकर पोराच्या पोटात, ते घर सामन्याला हजर. आपला सोमवार नीट पळायलाय का, हे बघायला म्हाताऱ्या बायका पदर खोचून बांधावर येऊन बसायच्या. फुटबॉलचा एक नियम त्यांना माहीत नव्हता, पण कुणाचं पोर दमलंय आणि कुणाच्या घरी काल तेल कमी पडलंय, हे त्या लांबून ओळखायच्या. हरलं की त्या दिवशीच्या वाराची घरं तोंड लपवायची, जिंकलं की आठवडाभर शेखी. माणिकरावांच्या आजोबांनी येडबाच्या बापाला अंगणाच्या पुढं येऊ दिलं नव्हतं. त्यांच्याच घरात मल्हार पहिले दोन शनिवार ओट्यावर जेवला, तिसऱ्या शनिवारी चुलीपुढं. त्यावर कुणी काही बोललं नाही. उपांत्य सामना होता, बोलायला फुरसत कुणाला होती.

मल्हारचा बुधवार सुलाबाईकडं होता. दोन एकरांची एकटी बाई. तिच्याकडं वरणभाकरीच्या वर काही नसायचं, पण बुधवारी मल्हार सगळ्यांच्या आधी उठून जायचा.

मग एका बुधवारी परभणीत एक सत्कार झाला. टीम व्यासपीठावर चढली तेव्हा सूत्रसंचालकानं माईकवर म्हटलं, "टाळ्या वाजवा, पेडगावचा माधुकरी संघ येतोय." सभागृह हसलं. वाईट हसलं नाही, जेवल्यावर हसतात तसं हसलं. पण लोकांना हसवणाऱ्या माणसाला लोक आपल्यावर हसलेले सोसत नाहीत. कंपनीचे साहेब शेजारीच बसले होते, तेही हसले. लिंबाजीचे कान तापले ते पोरांना गाडीनं पुढं पाठवून तो मागून मोटारसायकलवर गावात शिरेपर्यंत तापलेलेच होते. गाडी दुकानाकडं न नेता तो थेट देवळात गेला आणि त्यानं भोंगा लावला. "खेळाडूंचे वार आत्तापासून बंद. कुणी जेवायला घालू नये. जे जेवत असतील त्यांनी उठून दुकानावर यावं. मालकाचा हुकूम हाय."

दिवेलागणीची वेळ होती. दहा घरांत दहा ताटं वाढलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून गोदामात मेस सुरू झाली. अंडी, केळी, उकडलेली कोंबडी, बाहेरचा स्वयंपाकी. पोरांचे दंड भरले. टीम आधीपेक्षा जास्त जिंकायला लागली. गावानं भांडण केलं नाही, एक शब्द काढला नाही. बांध फुटला तर आवाज होतो, पाणी मुरतं तेव्हा होत नाही. आधी बांधावरच्या बायका कमी झाल्या, मग त्यांची पोरंसोरं, मग पुरुष. लिंबाजी म्हणायचा सुगी आहे, मग म्हणायचा लगीनसराई आहे. दोन वर्षं सुगी संपेना.

चोविसावं घर सुलाबाईचं. ती अंगणात हरभऱ्याची भाजी वाळत घालत होती. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं.

"चार वाजता मॅच हाय," लिंबाजी म्हणाला.

"व्हय. काल भोंगा फिरला की."

लिंबाजीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. सुलाबाई भाजी पसरत राहिली. पसरता पसरताच बोलली.

"भाऊ, त्या दिशी मल्हारनं दुसरी भाकर मागितली व्हती. तव्यावर व्हती ती. मी काढून घेईस्तोर तुमचा भोंगा वाजला. पोरगं वरणाचा हात तसाच घेऊन उठलं. म्हणलं, मामी, मालकाचा हुकूम हाय. जेवत्या ताटावरनं आमी कुत्रंबी उठवत न्हाई, भाऊ."

लिंबाजीनं रिकामा तांब्या उगाच जरा बाजूला सरकवला.

"टीम तुमची. वार बंद करायचे तर करावं, आमी कोण. पर दारात येऊन सांगायचं व्हतं. आज आलाव तसं."

माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. चारमिनारवरून बॉल उडवणारी जीभ, ऐकणाऱ्याच्या शेतातली पिकं सुकवणारी जीभ, दोन शब्दांपाशी येऊन टाळूला चिकटली. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. बाहेर पडले ते दुसरेच.

"यंदा बसायला खुर्च्या ठेवल्यात," लिंबाजी म्हणाला.

सुलाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "बरं केलं," ती म्हणाली. "खुर्च्या पायजेतच."

घरी आल्यावर सुमनबाईनं वाढलं. म्हणायला गेल्ताव ते म्हणलाव का, एवढंच तिनं विचारलं. लिंबाजी म्हणाला, मॅचचं सगळ्यांना सांगितलंय. ती वरण घेऊन आली तेव्हा तो अर्ध्या ताटावरून उठला होता.

चार वाजता दोनशे खुर्च्यांवर चाळीस माणसं होती, आणि त्यातली दहा पाहुण्या टीमची. योगीराजनं कुठून तरी एक ढोलवाला आणला होता. तो बिचारा इमानानं वाजवत होता, आणि रिकाम्या गायरानावर ढोल जास्तच रिकामा वाजत होता. साहेबांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि मग फोनमध्ये. लिंबाजी त्यांना सांगत होता, येतील, अजून येतील, आमच्याकडं लोक जरा सावकाश असतात. सांगता सांगता त्याला वाटलं, जन्मात पहिल्यांदाच आपली थाप कुणी ऐकत नाहीये.

उत्तरार्धात मल्हारनं गोल केला. तिघांना चकवून, पडता पडता, डाव्या पायानं. असा गोल की त्याला मीठमसाला लावायची गरज नव्हती, जसाच्या तसा सांगितला तरी लोकांनी थाप म्हटली असती. उठला तो सवयीनं बांधाकडं पळत सुटला. पूर्वी तिथं बायका बसायच्या, आणि गोल मारणारा पोरगा आधी आपल्या वाराच्या घराला तोंड दाखवून यायचा. निम्म्यात आल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पळता पळता चालायला लागला, मग वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती, हे लिंबाजीला खुर्चीतून दिसलं. ढोलवाला वाजवत राहिला.

पेडगाव एक-शून्यनं जिंकलं. साहेबांनी हस्तांदोलन केलं आणि योगीराजनं टीम संभाजीनगरला न्यायचे कागद काढले.

शुक्रवारी सकाळी कंपनीची गाडी पोरांना न्यायला आली. लिंबाजी आठ वाजता फाट्यावर गेला. त्याला वाटलं होतं पोरं असतील, त्यांच्या बॅगा असतील आणि आपण असू.

फाट्यावर उभं राहायला जागा नव्हती.

कुणी भोंगा फिरवला नव्हता, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वार शुक्रवार होता, पण सातही वारांची घरं आली होती. बायकांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, लोणच्याच्या बरण्या, शेंगदाण्याच्या चटण्या. माणिकराव मोटारसायकलवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून बसले होते आणि शनिवारच्या पोराला हाक मारत होते, कारण गर्दीत पुढं जाता येईना. पोरांच्या बॅगांना आणखी बॅगा झाल्या. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, इतकी शिदोरी न्यायची तर पोरांना टपावर बसवावं लागेल. सुलाबाईनं मल्हारच्या हातात दोन भाकरी दिल्या. दोनच. म्हणाली, "हितंच खा. बसून."

मल्हार रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला. सारी गर्दी, गाडीचा ड्रायव्हर आणि कंपनीचा वेळ त्याचं खाणं संपेस्तोवर उभे राहिले. त्यानं दुसरी भाकर संपवली, हात धुतले, आणि सुलाबाईच्या पाया पडून गाडीत चढला.

योगीराज गर्दीकडं बघत उभा होता. त्यानं फोनमध्ये फोटो काढला, मग फोन खाली घेतला.

"काका," तो म्हणाला, "हे सगळे रविवारी कुठं होते?"

"घरीच होते की," लिंबाजी म्हणाला.

गाडी गेली. धूळ बसली तरी लोक थोडा वेळ तिकडंच बघत राहिले, मग एकेक करून वळले. सुलाबाई जवळून जाताना लिंबाजी एकदम म्हणाला, "सुलाबाई, माझं चुकलं."

ती थांबली. तिनं मान हलवली, ऐकल्यासारखी.

"रविवारी म्हणला असताव," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं डोक्यावरच्या पदरासोबत पुढं ओढून घेतलं. "चला भाऊ. ऊन व्हायलंय."

फाटा रिकामा झाला. गाडी उभी होती तिथं, मातीत, कुणाच्या तरी फडक्यातून निसटलेला भाकरीचा एक तुकडा पडला होता. लिंबाजी वाकला. गुडघे दुखले. तुकडा उचलून त्यानं झटकला, फुंकर मारली, आणि कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबावर, पाखरांना दिसेल असा, नीट ठेवला.