अनोळखी बॅटरी

हिची तीनचाकी बंद पडली होती. बॅटरीवर चालणारी, एकट्याने बसायची गाडी. हिचे गुडघे कधीच संपावर गेलेले. त्या गाडीमुळेच ती रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जाऊ शकायची. आता खिडकीशी एकटीच पत्ते लावत बसे, आणि डाव फसला की माझ्यावर चिडे.

कोपऱ्यावरच्या मिस्तरीने कंपनीचीच नवी बॅटरी बसवून दिली, तरी गाडी ढिम्म. पडद्यावर एवढंच उमटे : ‘अनोळखी बॅटरी’.

“कंपनीने संगणकावरून ओळख पटवल्याशिवाय चालायची नाही, काका,” मिस्तरी म्हणाला.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई पर्याय सांगू लागली. तिचं पुरतं ऐकून मी चष्मा सावरून बटण शोधेपर्यंत फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

“अहो, ती बाई नाही, टेप आहे,” ही म्हणाली. “टेपशी कसला शिष्टाचार? मधेच दाबा.”

“कुणाला मधे तोडणं जमत नाही मला.”

“माहीत आहे. म्हणून तर आपलं लग्न झालं. माझी आई बोलत राहिली आणि तुम्हाला नाही म्हणायला जागाच सापडली नाही.” ती हसली. मग पत्ते गोळा करत म्हणाली, “राहू दे. होईल सवय घरात बसायची.”

ते मला ऐकवेना. सकाळी गाडी ढकलत कंपनीच्या दुकानात नेली.

“हे मॉडेल बंद झालं, आजोबा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “नवीन दाखवू?”

“नको. फक्त बॅटरीची ओळख पटवून द्या.”

“बॅटरी आमची आहे, पण बसवणारा आमचा नाही. नियमात बसत नाही.”

यावर काय बोलावं हे मला घरी पोचल्यावर सुचलं असतं. म्हणून घरी गेलोच नाही. दारापाशी गाडी लावली, तिच्यावर बसलो आणि पिशवीतलं पुस्तक उघडलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

येणारं गिऱ्हाईक विचारी, “कशी आहे हो ही गाडी?”

“चांगली आहे,” मी खरं तेच सांगे. “नवी बॅटरी घातली, पण हे लोक चालू करून देत नाहीत.”

दोन-चार गिऱ्हाइकं आल्या पावली परतली, तसा मॅनेजर बाहेर आला.

“काका, उद्या या.”

“येईन. पण आजही बसतो.”

“किती वेळ?”

“पुस्तक जाडजूड आहे.”

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लॅपटॉप मागवला. वायर जोडली, चार बटणं दाबली. पडद्यावरची ती अक्षरं गेली. एवढंच काम होतं.

संध्याकाळी चालवतच घरी आलो. ही चौकटीला धरून उभी होती.

“उतरा.”

“पाणी तरी देशील?”

“घ्या हाताने. तिकडे डाव मांडला असेल.”

आणि गाडी वळवून ती निघालीसुद्धा.