कारण विचारू नये

गाइड मंडळाच्या ऑफिसात बुरुलच्या टेबलामागे एक लाकडी पाटी होती: 'नकार देणाऱ्याचे नाव यादीच्या तळाला जाईल. कारण सांगू नये. विचारले जाणार नाही.'

पाटी बुरुलनेच लावली होती. त्याआधी पाच वर्षं तिने कारणं ऐकली होती. कोणाचा घोडा हरवायचा, कोणाची कंबर धरायची, आणि एका गाइडाची आजी तर एकाच हंगामात तीनदा वारली. बुरुल दोनदा भेटायलाही जाऊन आली होती. म्हणून नियम झाला. पाहुणे आले की यादीतल्या पहिल्याने त्यांना न्यायचं, तो नाही म्हणाला तर त्याच्या खालच्याने. नियम लागू झाला आणि गावातल्या आज्यांची तब्येत एकदम सुधारली.

यंदा बर्फ ऑक्टोबरातच पडला. मग तीन आठवडे कोरडी थंडी, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा थोडा. एरवी डिसेंबर अर्धा सरेपर्यंत स्कीवाले फिरकत नाहीत. पण बुरुलचा धाकटा भाऊ एल्दियार याने बंद खाणीमागच्या पांढऱ्याशुभ्र उताराचा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि आठवड्याभरात चार पोलिश पाहुणे लांबलचक पिशव्या घेऊन दारात हजर झाले. त्यांना फोटोतलाच उतार हवा होता.

यादीत पहिलं नाव सापारअलीचं. वय छप्पन. खाण चालू होती तेव्हा तो सुरुंग लावायच्या कामावर होता, त्यामुळे त्याला घाई कशाचीच नसे. गुरुवारी तो फावडं घेऊन एकटाच वर गेला, दुपारी परतला आणि बुरुलसमोर उभा राहिला.

"मी नाही नेणार. अगं, तिथं तळाशी—"

बुरुलने पेनाने पाटी दाखवली.

"ऐकून तर घे!"

"बाइके," बुरुल म्हणाली; वडीलधाऱ्या पुरुषाला गावात अशीच हाक मारत. "तुमचं ऐकलं की उद्या सगळ्यांचं ऐकावं लागेल. मला आणखी आज्या पुरायच्या नाहीत."

सापारअलीने पाटी सावकाश, पहिल्यांदाच वाचावी तशी वाचली, टोपी डोक्यावर दाबली आणि तो निघून गेला. बुरुलने वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली.

दुसरा मेदेत. "मला जमणार नाही," म्हणून त्याने सवयीने पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायची गरजही नव्हती. शनिवारी त्याच्या पुतणीचं लग्न होतं आणि घोड्याच्या मटणाची सगळी जबाबदारी त्याच्यावर होती. दुसरी फुली. सापारअली मेदेतचा सख्खा शेजारी, तेव्हा त्याचंही मन त्याच मटणात अडकलं असणार, असं बुरुलने धरून टाकलं.

तिसरा एल्दियार. सत्तावीस वर्षांचा, वसंतात शहरात जाऊन कोर्स करून आलेला. यादीत त्याचं नाव पहिल्यांदाच चढलं होतं, आणि चढल्या चढल्या तळाला जायची त्याची तयारी नव्हती. "रविवारी सकाळी नेतो," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी लग्नाच्या पंगतीत बुरुलच्या शेजारी सापारअलीची बायको येऊन बसली. एकटीच.

"बाइके कुठे आहेत?"

"घरी. दुर्बीण घेऊन खिडकीत बसलाय. परवापासून चहा तिथंच, जेवण तिथंच. त्या उताराकडं टक लावून बघत असतो. मी म्हटलं, अरे, टीव्ही तरी बघ, त्यात काहीतरी हलतं."

बुरुलचा हात ताटातच थांबला. सापारअलीने फुकटचं मटण सोडल्याची गावात नोंद नव्हती. ती उठून एल्दियारकडे गेली. तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

"तो उतार तुला ठीक वाटतो ना?"

"एजे," मोठ्या बहिणीला मारायच्या हाकेने तो म्हणाला, "गुडघाभर बर्फ आहे. त्यात माणूस गाडला जात नाही, बूट गाडला जातो."

"सापारअली नाही म्हणालेत."

"का?"

बुरुलला वही आठवली. वहीत दोन फुल्या होत्या, एक मटणाची आणि एक कसली कोण जाणे, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

"तू विचारलंच नसशील," एल्दियार हसत म्हणाला. "पक्की आहेस हं तू."

ती तडक सापारअलीकडे गेली. त्याने डोळ्यावरची दुर्बीण काढली नाही.

"बाइके, गुरुवारी काय सांगत होता?"

"सांगू नये असं लिहिलंय."

"मी विचारतेय ना."

"विचारलं जाणार नाही, असंही लिहिलंय. अक्षर तुझंच आहे. छान आहे."

"एल्दियार उद्या नेतोय त्यांना."

आता मात्र दुर्बीण खाली आली. "पाटी घेऊन ये," तो म्हणाला.

लग्नघरावरून, नाचणाऱ्या पाहुण्यांमधून, बुरुल पाटी काखेत मारून परत आली. "कुणाला आहेर?" असं एकाने विचारलंही. सापारअलीने पाटी टेबलावर पालथी टाकली, तिच्या पाठीवर वाटीभर साखर पसरली आणि साखरेवर आख्खी रोटी ठेवली.

"ही साखर म्हणजे ऑक्टोबरचा बर्फ. कोरड्या थंडीनं त्याचे असे सुटे दाणे झालेत. वरची रोटी म्हणजे नोव्हेंबरातला बर्फ, वाऱ्यानं थापलेला." त्याने पाटी एका बाजूने उचलली. रोटी अख्खीच्या अख्खी सरकली आणि बुरुलच्या मांडीवर आली.

"पण बर्फ थोडाच आहे ना?"

"तेच तर वाईट. जाड असता तर माणसाचं वजन साखरेपर्यंत पोचलं नसतं. पातळ आहे म्हणून पोचतं. आणि खाली दगड उघडे आहेत. गाडला नाही गेला तर आपटेल."

"मग कधी जायचं?"

"मला काय ठाऊक? आणखी पडू दे, बसू दे. मग पुन्हा खणून बघीन. तेव्हाही कदाचित नाहीच म्हणेन."

एल्दियारला थेट मना करून उपयोग नव्हता. बहिणीने मना केलेली प्रत्येक गोष्ट त्याने आजवर केलेली होती. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याबरोबर आधी खणून बघ. मग तुझं तू ठरव."

"हा कुठला नियम?"

"नवा."

रविवारी उजाडल्यावर सगळे खाणीमागच्या सपाटीवर जमले. पाहुणे स्की बांधून उभे होते. एल्दियार आणि सापारअली जरा वर, जिथे चढ नुकता सुरू होतो, तिथे खणू लागले. बोलणं बुरुलपर्यंत येत नव्हतं. तिला फक्त भावाची पाठ दिसत होती. तो गुडघ्यावर बसला, तळाचा बर्फ मुठीत घेतला आणि मूठ सैल केली. सगळा बर्फ बोटांमधून गळून गेला. त्याने पुन्हा एक मूठ घेतली.

मग तो उठला आणि दोन पावलं वर गेला. पायाखालचा सगळा बर्फ एकदम 'धप्प' करून बसला, आणि त्याच्या बुटापासून एक बारीक चीर बर्फावरून पळत दूरवर गेली. एक पाहुणा हसला आणि मग हसायचा थांबला.

एल्दियार आपल्याच पावलांच्या खुणांवर पाय ठेवत खाली आला.

"नाही म्हटलं तर मी तळाला?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. जागेवरच."

"आणि बाइके?"

"तेही."

"मग पहिला कोण?"

"ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. आधी यांना सांग."

त्याने सांगितलं. पाहुणे त्या दिवशी गावाखालच्या गाईंच्या कुरणात स्की करून गेले. शेण जिथे बर्फातून वर आलं होतं तिथे त्यांना वळावं लागत होतं. 'निसर्ग सुंदर, गाइड जरा भित्रे,' असा अभिप्राय त्यांनी इंटरनेटवर लिहिला. बुरुलने वहीत 'कारण' असा नवा रकाना आखला आणि येतील ती कारणं निमूट लिहून घ्यायला लागली.

त्या उतारावरचा बर्फ काही सुटून खाली आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्यातही नाही. सापारअलीला त्याचं काहीच वाटलं नाही. एल्दियारला मात्र फार वाटलं. रोज सकाळी तो ऑफिसात येतो, खिडकीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, "एजे, तुझा उतार अजून आहे तिथंच. त्या पोलिशांना पत्र लिहू का?"

"लिही," बुरुल म्हणते, आणि त्याच्या पेल्यात चहा ओतते.