खडूची केबिन

“विचार करते,” धाकटी म्हणाली आणि तिने चहात बिस्कीट बुडवलं.

आमच्या घरात ‘विचार करते’ हे माझं वाक्य आहे. सून नवीन पडदे मागते, नात मैत्रिणींबरोबर फिरायला जायचं म्हणते, हे दुकानात दुसरा पंखा लावू या म्हणतात, तेव्हा मी ते वापरते. मग मागणारा चार दिवस माझ्या पुढेपुढे करतो आणि घर सुरळीत चालतं. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, या घरात आली तेव्हापासून ऐकणाऱ्यांच्या बाजूला. आज तिने माझंच वाक्य उचललं आणि माझ्याच पुढ्यात ठेवलं. वर बिस्कीटही चहात पडू दिलं नाही.

झालं होतं असं. तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, एका मोठ्या प्रवासी बोटीच्या भटारखान्यात पाव भाजतो. बरीच वर्षं नीट काम केलं म्हणून कंपनीने त्याला बक्षीस दिलं: पुढच्या लांबच्या सफरीला आईला घेऊन ये, दोघींची केबिन देतो, सोबतीला कुणाला आणायचं ते तिने ठरवावं. तीन महिने समुद्रावरून, एका देशातून दुसऱ्या देशात. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे भावजींचा, प्रश्नच नव्हता. त्यांना पाण्याची एवढी धास्ती, की बादली काठापर्यंत भरली तरी दोन पावलं मागे सरकतात. तेव्हा सोबतीला मी, हे मी धरूनच चालले होते. माळ्यावरून बॅग काढून उन्हातही ठेवली होती. नातीने आपलं सहज विचारलं, “धाकटी आजी, तू आणि आजी कधी निघणार?” आणि त्यावर हे उत्तर.

“विचार कसला करायचाय त्यात?” मी म्हटलं.

“नाही, माझी बहीणही मोकळीच आहे.”

तिची बहीण म्हणजे होयबाई. हे नाव मी ठेवलं, पण आता तिचा नवरासुद्धा चुकून त्याच नावाने हाक मारतो. ऊन फार आहे म्हटलं तर ती म्हणते हो गं, आणि पाच मिनिटांनी गार वाटतंय म्हटलं तरी म्हणते अगदी हो गं.

“केबिन एवढीशी असते, ताई,” धाकटी म्हणाली. “तीन महिने तुमचं-माझं एका खोलीत कसं जमायचं?”

“न जमायला काय झालं? इतकी वर्षं एका दुकानात बसतोय.”

“दुकानाला दोन दारं आहेत.”

सून आमटी ढवळण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसली. मी तिच्याकडे नंतर बघून घेणार होते.

आता मला त्या बोटीवर का जायचं होतं ते सांगते. आमचा धंदा गाद्या-उश्यांचा. पुढे दुकान, मागे गोदाम, वर घर. जन्मभर मी लोकांना झोपायला गाद्या शिवल्या. एकदा एका बोटीच्या मालकाने गादी सांगितली होती. डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळती, कारण बोट पुढे निमुळती होत जाते आणि पलंग तिच्यात तसाच बसवलेला असतो. मी कागदावर माप कापलं, गादी शिवली, हातगाडीवर चढवली आणि ती गेली. तेव्हापासून मला ती जागा बघायची होती, जिथे माणूस असा तिरक्या भिंतीत पाय घालून झोपतो आणि खालून पाणी जातं. हे मी कुणाला बोलले नव्हते. सांगणं मला जमतं, मागणं जमत नाही.

तोडगा नातीने काढला. पुतण्याने फोनवर केबिनचा नकाशा पाठवला होता. तिने तो बघून गोदामाच्या फरशीवर, कापसाच्या गोण्या बाजूला ढकलून, शिवणाच्या खडूने केबिन आखली. दोन अरुंद पलंग, मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, कपाटाएवढी न्हाणी. दारासाठी रेघेत फट सोडली. भिंतीवर निळ्या खडूने गोल खिडकी काढली.

“आठवडाभर दोघी इथे राहा,” ती म्हणाली. “झोपायचंही इथेच. यायचं-जायचं दारातून. मग धाकट्या आजीने ठरवायचं.”

“मला चालेल,” धाकटी म्हणाली. “ताईंना विचार.”

“मला काय होतंय?” मी म्हटलं, आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं की आठवडाभर तोंडाला कुलूप. होयबाईने लाजावं इतकं गोड वागायचं.

पहिल्याच दिवशी धाकटीने आपल्या चपला माझ्या पलंगाखाली सारल्या. एरवी मी असं बोलले असते, की तिने त्या अनवाणी जाऊन विहिरीत टाकल्या असत्या. मी म्हटलं, “राहू दे गं.” ताट घेऊन आलेल्या सुनेने ते ऐकलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी धाकटी गाणं म्हणत सुई ओवायला लागली. तिचं गाणं म्हणजे वंगण न घातलेलं शिवणयंत्र. मी मान डोलावली. नंतर तिने तिची दाढ काढल्याची गोष्ट सांगितली. ही दाढ निघाली तेव्हा माझा मुलगा रांगत होता, आणि आता त्याला टक्कल पडलंय. तरी मी म्हटलं, “मग? डॉक्टर काय म्हणाले?” तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि पहिल्यापासून परत सांगितली.

केबिनची सवय मात्र लागत चालली होती. सकाळी उठून धाकटी निळ्या खिडकीशी जायची आणि बातमी द्यायची, “आज पाणी खवळलंय, ताई. एक मासा आपल्याकडेच बघतोय.” मी विचारायची, “कोणासारखा दिसतो?” “तुमच्या ह्यांच्यासारखा. मिशा आहेत.” हे खरं सांगायचं तर मला आवडायला लागलं होतं. एकदा हे कात्री शोधत सरळ रेघ ओलांडून आत आले. मी इतक्या जोरात “भिंतीतून कुठे येताय!” म्हणून ओरडले की ते घाबरून मागे गेले, दारातून आले, आणि कशासाठी आलो होतो ते विसरले. पण मी यांच्यावर ओरडले होते. धाकटीवर नाही. ते मोजणीत धरायचं कारण नाही.

मधेच होयबाई भेटायला आली. धाकटीच्या पलंगावर बसली आणि त्या बंद गोदामाला म्हणाली, “किती हवेशीर आहे गं!” धाकटीने तिला खिडकीपाशी नेलं. “बघ बरं, काय दिसतंय?”

“तू म्हणशील ते,” होयबाई म्हणाली.

हिच्याशी कशी बरोबरी करायची? मी माझ्या पलंगावर बसून पाय चोळत राहिले. बोट धक्क्यावरून सुटतेय आणि मी बॅग धरून उभी आहे, असं डोळ्यांपुढे यायला लागलं.

मग आली उशी. पुतण्याने सांगितलं होतं की बोटीवरच्या उश्या फुग्यासारख्या, डोकं ठेवलं की मान तिसरीकडेच. म्हणून आपापली उशी न्यायची ठरलं. धाकटीने स्वतःची शिवली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. “कशी झालीय?”

काय सांगू? एक कोपरा असा, की कुत्र्याने चावून परत केल्यासारखा. टाके एक इकडे, एक तिकडे, दोऱ्याची गाठ बाहेर. दुकानात धाकटीने शिवलेला प्रत्येक कोपरा मी उसवते आणि पुन्हा शिवते. पहिल्यापासून. आमच्याकडची गादी गिऱ्हाईक आमच्या नावावर नेतं, आणि नावाला सुरकुत्या चालत नाहीत. पण हा कोपरा तर तिच्या नेहमीच्या कोपऱ्यांपेक्षाही वाईट होता.

“छान,” मी म्हटलं. दात एकमेकांवर घट्ट दाबले होते, त्यातून जेवढं बाहेर आलं तेवढं.

आठवड्याचा शेवटचा दिवस. दुपारी धाकटी मुलाशी फोनवर बोलायला वर गेली. केबिनमध्ये मी आणि ती उशी. मी भिंतीकडे तोंड करून पडले. उशी पाठीमागून बघतेय असं वाटलं. कूस बदलली तर कोपरा समोर. कात्री शेजारीच होती. म्हटलं, एकच टाका. तिला कळणारही नाही.

एक टाका कापला आणि सगळा दोरा सळसळत सुटून आला. आत दुसरी शिवण होती. बारीक, एकसारखी, कोपरा पुस्तकाच्या पानासारखा काटकोनात. कापसाचं एक तूस बाहेर यायची बिशाद नव्हती. वाकडा दोरा त्याच्यावर नुसता पांघरलेला होता. मी बोट फिरवून बघितलं, नखाने ताणून बघितलं. असे टाके मी घातले असते तर आठवले असते.

“उसवलीत?”

धाकटी दारात. खडूच्या दारात, नियमाप्रमाणे.

माझ्या एका हातात कात्री, मांडीवर दोरा. खोटं बोलायला जागाच नव्हती. संपलं, गेली बोट, असं मनात आलं, आणि त्याबरोबर आठवडाभराचं कुलूपही तुटलं.

“उसवली! आणि परत उसवीन! काय शिवलं होतंस ते, उशी की गाठोडं? आणि त्या चपला काढ आधी माझ्या खालून! वास येतो त्यांना! आणि ती दाढ, अगं किती वर्षं काढणार आहेस ती? त्या डॉक्टरने दवाखाना बंद केला असेल तुझ्या दाढेच्या धसक्याने! आणि गाऊ नकोस! समुद्रात गायलीस तर मासे काठावर येऊन झोपतील!”

धाकटी मटकन पलंगावर बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत हसत होती, आणि जिन्याकडे बघून ओरडली, “अगं ए, ये लवकर! आजी आली तुझी परत!”

“परत म्हणजे? मी कुठे गेले होते?”

“मला काय माहीत? आठवडाभर इथे कुणीतरी पाहुणी झोपत होती. राहू दे गं, छान गं, मग डॉक्टर काय म्हणाले! मला वाटलं तुम्हाला मोठं दुखणं झालंय आणि सगळे माझ्यापासून लपवतायत. चपला तिथेच ठेवून बघितल्या, गाऊन बघितलं. शेवटी वाकडं शिवलं. जीव गेला माझा वाकडं शिवताना.”

“आणि होयबाई?”

“तिला खिडकीत काय दिसतं विचारलं, तर म्हणे तू म्हणशील ते. समोर देवमासा आला तरी माझ्या तोंडाकडे बघत बसेल. मला तीन महिने आरशाबरोबर राहायचं नाहीये.”

“मग ठरलं तर,” मी दोरा झटकून उठले. “बॅगेला कुलूप आणायला हवं.”

“ठरलं कुठे?” धाकटीने उशी उचलून छातीशी धरली. “ताई, तुम्ही मला विचारलंत कधी?”

तोवर नात धावत आली होती आणि गोणीवर चढून बसली होती. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“तुला एकटीला परक्या मुलखात जमणार नाही,” मी म्हटलं. “कुणीतरी शहाणं माणूस बरोबर हवंच.”

“हे विचारणं नाही झालं.”

“तुझी फारच इच्छा असेल तर मी काही नाही म्हणणार नाही.”

“आजी,” नात म्हणाली, “हे तर त्याहून नाही.”

मी खिडकीतली निळी रेघ बघितली. मग म्हटलं, “ती निमुळती गादी आठवते? बोटवाल्याची?”

“आठवते की,” धाकटी म्हणाली. “दुपारी दुकान बंद करून तुम्ही तिच्यावर झोपून बघितली होतीत. पाय निमुळत्या टोकाकडे करून. हात असे दोन्हीकडे, होडी वल्हवल्यासारखे.”

“तू बघत होतीस?”

“दुकानाला दोन दारं आहेत, ताई.”

इतकी वर्षं ती हे पोटात ठेवून होती. कुणाजवळ बोलली नव्हती, मला चिडवलंही नव्हतं. मी तिच्या पलंगावर, तिच्या बाजूच्या रेघेत, तिच्या शेजारी जाऊन बसले.

“मला समुद्र बघायचाय,” मी म्हटलं. “मला नेशील का?”

धाकटीने उशी मांडीवर ठेवली, तिचा तो सुंदर कोपरा बोटाने सारखा केला, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “विचार करते.”

तीच उशी मी तिच्या डोक्यात घातली. कोपरा जरासुद्धा हलला नाही.

आता बोट सुटायला थोडेच दिवस आहेत. दोन स्वेटर, पोटदुखीच्या गोळ्या, चष्म्याची जादा जोडी, सगळं भरून झालं. माझ्या उशीचे कोपरे धाकटीने शिवलेत. मी उसवायला म्हणून घेतले होते, पण राहिलं. होयबाईला सांगितलं, तुला नेत नाही, तर ती म्हणाली हो गं, बरोबरच आहे. आठवडा केव्हाच संपला, तरी आम्ही झोपायला खालीच जातो. सून म्हणते गोदाम झाडू द्या, खडू पुसू द्या. मी म्हटलं, विचार करते.

काल हे परत कात्री शोधत आले आणि सरळ रेघ तुडवून आत शिरले. धाकटी आणि मी एकदमच ओरडलो, “दार तिकडे आहे!”