अस्वलाच्या तोंडचा घास

विराजच्या वागण्याला काय म्हणावं ते कुमुदिनीबाईंना कळेना, आणि त्यांना शब्द सुचत नाहीत असं सहसा घडत नसे. पोटचा मुलगा, एवढा शिकलेला, आणि त्यानं रविवारी सकाळी चहा पितापिता आठ वर्षांच्या पोरीच्या अस्वलाच्या तोंडचा घास काढून घेतला!

अस्वल पांढरं, उत्तर ध्रुवाकडचं. नीरजाला सोमवारी वर्गासमोर उभं राहून त्याच्यावर बोलायचं होतं. इथे हॉलंडात पोरांना असं बोलावंच लागतं, 'स्प्रेकबर्ट' म्हणतात त्याला. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. नीरजानं अस्वल निवडलं आणि नातीच्या मागोमाग आजीही त्या बर्फात उतरली. विराज आणि त्याची बायको प्रांजली ऑफिसातून अ‍ॅमस्टेलव्हीनला परत येईपर्यंत घरात या दोघीच असत. बाहेर पावसाची पिरपिर नि दुपारीच दाटलेला अंधार, आत सोफ्यावर एका रजईत आजी आणि नात, समोर टॅबवर अस्वल. टॅबमधली बाई डच बोलायची, नीरजा आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत आजीला सांगायची.

कुमुदिनीबाईंची शाळा तिसरीत सुटली, पण चिंचवडला त्यांनी उभा जन्म खानावळ चालवली आणि त्याच चुलीवर हा इंजिनीयर शिकवला. खानावळ शुद्ध शाकाहारी. अंड्याचं टरफलदेखील त्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यामुळे टॅबवर पहिल्यांदा सीलचं रक्त सांडलं तेव्हा त्यांनी "शी! बंद कर ते," म्हणून तोंड फिरवलं होतं.

"थांब ना आजी. तिची बाळं बघ."

त्यांनी पाहिलं. अस्वलीण नुकतीच बर्फातल्या बिळातून बाहेर आली होती. हिवाळाभर आतच. तिथेच बाळंत झालेली, तिथेच दोन पिल्लांना पाजत राहिलेली, आणि इतके महिने पोटात अन्नाचा कण नाही. अंगावरच्या चरबीवर तिनं सगळं निभावलं होतं. कुमुदिनीबाई पुढे सरकून बसल्या. बाळंतिणीला ना डिंकाचा लाडू, ना अळिवाची खीर, ना हाताखाली कुणी. हिचा नवरा कुठे आहे म्हणून विचारलं, तर नीरजा म्हणाली, तो नसतोच, आणि एखादा नर भेटलाच तर पिल्लांनाच खाऊन टाकू शकतो.

"मेला!" कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या अस्वलिणीच्या बाजूच्या झाल्या.

मग शिकार कशी करते तेही कळलं. समुद्र वरून गोठलेला. सील खाली पाण्यात, पण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं, म्हणून ते बर्फात भोकं राखून ठेवतं. एक नव्हे, बरीच. अस्वलीण लांबून वास काढत येते, त्यातलं एक भोक हेरते आणि त्याच्या काठाशी पडून राहते. हलायचं नाही. पाय नुसता घासला तरी खाली आवाज जातो आणि सील दुसऱ्या भोकाकडे पळतं. तास न् तास तसंच पडायचं. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. मग उठायचं आणि उपाशीच दुसरं भोक शोधायचं. आणि लागलंच, तर एका झेपेत. पंजा खाली, दात मानेत, अख्खं सील बर्फावर. आधी चरबी खायची, त्या थंडीत तीच तारते. जेवण झालं की तोंड नि पंजे बर्फात घासून लख्ख करायचे.

"बघ, बघ," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आमच्या खानावळीतल्या निम्म्या मेंबरांना हे सांगून सांगून माझा घसा बसला."

पुढे पुढे नुसतं बघून भागेना. "आजी, तू सील," नीरजा हुकूम सोडायची. कुमुदिनीबाई गालिच्यावर पांढऱ्या शालीखाली आडव्या व्हायच्या आणि श्वास घ्यायला कडेनं नाक बाहेर काढायच्या. घटकाभर एका जागी न टिकणारी पोर तिथे दगडासारखी पडून राहायची. मग झेप! मग दोघींचं खिदळणं.

हे सगळं नीरजानं आपल्या हातानं लिहून काढलं होतं. रविवारी विराजनं ते वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मानेत दात? रक्त? नीरजा, धिस इज टू मच." त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि पोरीच्या देखत नवं लिहून काढलं. अस्वल गोड आहे, बर्फ वितळतोय, आपण सगळ्यांनी सायकल चालवू या. खातं काय? तर मासेबिसे.

"अरे, ते सील खातं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आई, तू यात पडू नकोस. वर्गात लहान मुलं असतात. कुणी घाबरलं, कुणाच्या आईबापानं तक्रार केली, तर नाव कुणाचं येईल? आपलं. आपण इथे बाहेरचे आहोत."

"विराज, राहू दे ना तिचं तिनं लिहिलेलं," प्रांजली म्हणाली. तिलाही त्यानं हातानंच गप्प केलं.

'आपण बाहेरचे' हे कुमुदिनीबाईंनी आल्यापासून ऐकलं होतं. फोडणी घालताना खिडक्या लाव, ट्रॅममध्ये हळू बोल, आरतीला घंटा नको. त्याचं घर, त्याची रीत, म्हणून त्यांनी ते गिळलंही होतं. पण दुपारी नीरजा बापाचा कागद पाठ करायला बसली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता आणि खांदे पडले होते. ते खांदे त्यांच्या ओळखीचे होते. दारावरची बेल वाजली की विराजचे अस्सेच पडतात, दार उघडायच्या आधीच. आज अस्वलाला मासे खायला लावले, उद्या ही पोर स्वतःचं नावसुद्धा हळू सांगेल! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी नीरजा थबकली. "आजी, मुलं विचारणार, ते काय खातं."

"मग?"

"बाबा म्हणाला, फिश सांग."

"आणि खरं काय?"

"सील."

"मग तोंड कुणाचं आहे गं? तुझं की बाबाचं?"

नीरजानं आजीच्या खांद्यावरच्या शालीला हात लावला. "तू आत येशील?"

जन्मात कुणापुढे न वाकलेल्या कुमुदिनीबाई त्या सकाळी वर्गभर डच पोरांपुढे फरशीवर आडव्या झाल्या. नीरजानं आधी युफला, म्हणजे वर्गाच्या बाईंना विचारलं होतं, आणि त्या हसून चालेल म्हणाल्या होत्या. शालीखालून कुमुदिनीबाईंना पोरांच्या बुटांची खसफस ऐकू येत होती. मग नीरजाचा आवाज, खणखणीत. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण कुठे काय चाललंय ते सगळं समजत होतं. हा वास आला. हे भोक सापडलं. आता थांबायचं. आणि नीरजा थांबली. वर्ग इतका चिडीचूप झाला की कुमुदिनीबाईंना आपलाच श्वास मोठा वाटायला लागला. त्यांनी शालीतून नाक बाहेर काढलं.

झेप आली. कुमुदिनीबाई मेल्या, आणि अगदी जीव ओतून मेल्या.

टाळ्या पडल्या. पण पुढच्या रांगेतली एक सोनेरी वेण्यांची पोर हमसून रडायला लागली. नीरजा तिच्याजवळ जाऊन बसली, काही बोलली, आणि मग ओरडली, "आजी, ऊठ! तिला वाटतंय तू खरंच मेलीस." कुमुदिनीबाई गुडघ्याला हात देत उठल्या आणि त्यांनी पोरीकडे बघून हात हलवला. पोर नाक पुसत हसली, पण हुंदके काही लगेच थांबले नाहीत. शेवटी मुलांनी काय आवडलं ते सांगायचं असतं. एक पोरगा काय म्हणाला ते नीरजानं सांगितलं, "ओमा, म्हणजे आजी, फार छान मेली."

संध्याकाळी विराज बुटासकट आत आला, हातात फोन. "तू शाळेत जमिनीवर लोळलीस?"

"लोळले नाही. मेले."

"आई, मस्करी नाही! पालकांच्या ग्रुपवर एका बाईनं लिहिलंय, मुलगी घरी येऊन परत रडली, हे गरजेचं होतं का म्हणून. मी सांगितलं होतं ना? नेमकं हेच सांगितलं होतं!" तो उभ्याउभ्याच फोनवर भराभर लिहीत होता. "मी सगळ्यांची माफी मागतोय. असं पुन्हा होणार नाही म्हणून लिहितोय. आणि नीरजा, उद्या तू युफला सॉरी म्हणायचंस."

"पण बाबा, ते खरं होतं," जिन्याशी उभी असलेली नीरजा म्हणाली.

"खरं असलं तरी!"

नीरजाचे खांदे खाली गेले. ते बघून कुमुदिनीबाई सोफ्यावरून उठल्या आणि मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ठेव तो फोन. ठेव म्हणते ना! ती पोर मला मेलेली बघून रडली. तिला मी रडवलं, तर तिची समजूतही मीच घालीन, उद्या शाळेच्या दारात. तिच्या आईलाही भेटेन. तिनं विचारलं तर बिघडलं काय? विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं, लगेच पायावर लोळण घ्यायची नसते. पण अस्वल सील खातं म्हणून माझ्या नातीनं कुणाची माफी मागायची नाही. मासेबिसे सांगून तू त्या अस्वलिणीची दोन्ही पिल्लं उपाशी मारलीस, आणि वर पोरीला खोटं बोलायला लावलंस. बाहेरचा बाहेरचा म्हणून काय रडतोस? तू बाहेरचा नाहीस विराज, तू भित्रा आहेस, आणि ते तुला मी शिकवलेलं नाही. तुला भ्यायचं तर तू भी. पण तुझी भीती या पोरीला भरवलीस, तर मी आहे आणि तू आहेस."